बिनपक्षी मतदाराचे दप्तर

२०२४च्या एप्रिलमध्ये, लोकसभेच्या मतदानास अवघे दोन-तीन दिवस उरले असता, अमरावतीतील साऱ्या राजकीय चर्चेचा ओघ सायन्स स्कोर मैदानाच्या फाटकापाशी येऊन तुंबला होता. ते मैदान सभेसाठी आधी कोणास मिळाले होते, नंतर ते कोणाच्या वाट्याला गेले, परवानगीचा कागद कोणाच्या हाती होता आणि पोलिसांनी कोणास अडविले, ह्या प्रश्नांवर चहाच्या टपरीपासून वकिलांच्या कक्षापर्यंत जो तो हिरिरीने बोलत होता. आणि ज्यांच्या घरात भाव चढेल म्हणून राखून ठेवलेला कापूस अजून पडून होता, असे कास्तकारही त्या वादात इतके रंगले होते की कापसाची गोष्ट काढणारा मनुष्य त्या दिवशी रसभंग करणारा ठरला असता. वाद लटका होता असे मी म्हणत नाही. परवानगी देऊन ती फिरविली गेली काय, हा कायद्याच्या राज्यात विचारण्यासारखाच प्रश्न आहे. परंतु पाच वर्षांतून एकदा येणाऱ्या प्रचाराचे अखेरचे मोलाचे दिवस एका मैदानाच्या ताब्यावर खर्ची पडावेत, ही गोष्ट ज्यांना कोणत्याच पक्षाचा झेंडा खांद्यावर घ्यावयाचा नाही अशा मतदारांच्या मनात उद्वेग उत्पन्न केल्यावाचून राहत नाही.

हा लेख त्या मतदारांसाठी आहे. त्यांची संख्या वऱ्हाडात लहान नाही, मात्र त्यांना संघटना नाही, कार्यालय नाही, आणि प्रचाराच्या काळात त्यांच्या दारी येणारा प्रत्येक जण ते आपल्याच बाजूचे आहेत असे गृहीत धरून हसतो. उद्वेगाच्या भरात अशा मनुष्यासमोर तीन सोप्या वाटा उघड्या असतात: मतदानाला न जाणे, ‘वरीलपैकी कोणी नाही’ ह्या बटणावर राग काढणे, किंवा पक्षाचे नाव नसलेला उमेदवार तो आपला, असे मानून अपक्षाच्या मागे जाणे. माझा अनुभव व अभ्यास असा की तिन्ही वाटांनी गेलेला मतदार बहुधा रित्या हातांनी परततो, कारण तिन्हींमध्ये त्याचे काम मतदानाच्या दिवशी सुरू होते आणि त्याच दिवशी संपते. पक्षाचा कार्यकर्ता वर्षभर काम करतो. बिनपक्षी मतदाराने एक दिवसच राग धरला, तर चर्चेचा विषय कोणता असावा हे ठरविण्याचा अधिकार कार्यकर्त्याकडेच राहणार, ह्यात नवल नाही.

प्रथम आपल्या मुलखाचा इतिहास थोडा आठवावा. अमरावती हा मतदारसंघ कोणत्याही एका पक्षाची मिरास राहिलेला नाही. पंजाबराव देशमुखांना लागोपाठ तीनदा लोकसभेत पाठविणाऱ्या ह्या भागाने १९८९ साली कम्युनिस्ट पक्षाचे सुदाम देशमुख निवडून दिले, १९९१ मध्ये काँग्रेसच्या प्रतिभा पाटील, १९९६ मध्ये शिवसेनेचे अनंत गुढे, १९९८ मध्ये रिपब्लिकन पक्षाचे रा. सू. गवई, आणि २०१९ मध्ये नवनीत राणा यांना अपक्ष म्हणून. शेजारच्या अकोल्याची चाल निराळी: तेथे पांडुरंग फुंडकर, नंतर प्रकाश आंबेडकर, पुढे सलग चारदा संजय धोत्रे आणि २०२४ साली अनुप धोत्रे, अशी थोडी नावे आणि त्यांच्यामागे दीर्घकाळ चालत आलेली तिरंगी लढत. अमरावतीचा मतदार दर काही वर्षांनी पक्ष बदलून पाहतो, अकोल्याचा मतदार तीच तीन दालने पुन:पुन्हा मोजतो; म्हणून दोघांच्या अडचणी सारख्या नाहीत, आणि दोघांना द्यावयाचा सल्लाही एकच नव्हे.

अमरावतीकडची मुख्य भूल अपक्षपणाची आहे. २०१९ साली अपक्ष म्हणून, पण काँग्रेस व राष्ट्रवादी काँग्रेस यांच्या पाठिंब्याने, ३६ हजारांहून अधिक मतांनी विजयी झालेल्या उमेदवार २०२४ मध्ये भारतीय जनता पक्षाच्या चिन्हावर उभ्या राहिल्या आणि काँग्रेसचे बळवंत वानखडे यांच्याकडून १९,७३१ मतांनी पराभूत झाल्या. अचलपुरातून तीनदा अपक्ष आणि पुढे स्वत:च्या प्रहार पक्षातर्फे निवडून आलेले बच्चू कडू महाविकास आघाडीच्या सरकारात राज्यमंत्री होते व २०२२च्या जूनमध्ये एकनाथ शिंदे यांच्याबरोबर गेले. ह्यात कोणी योग्य केले व कोणी अयोग्य, हे ठरविणे वाचकाचे काम; मला केवळ इतके दाखवावयाचे आहे की अपक्ष हे निवडून येण्याच्या दिवसाचे वर्णन असते, पुढील पाच वर्षांचे नव्हे. कायदाही ह्याहून अधिक काही सांगत नाही. राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टाप्रमाणे अपक्ष सदस्य निवडून आल्यावर एखाद्या पक्षात रीतसर सामील झाला तर त्याचे सदस्यत्व जाते. पण पक्षात न जाता तो कोणत्याही सरकारला पाठिंबा देऊ शकतो, तो काढून घेऊ शकतो आणि दुसऱ्याला देऊ शकतो, आणि त्याला कोणाचा पक्षादेश लागू नसल्याने जाब विचारणारे मतदाराखेरीज कोणी उरत नाही. १९९५ साली महाराष्ट्र विधानसभेत ४५ अपक्ष निवडून आले होते आणि युतीचे सरकार त्यांच्यातील अनेकांच्या टेकूवर उभे राहिले, हे जुन्या मंडळींना स्मरत असेल.

म्हणून अपक्ष उमेदवार दारी आला असता त्याच्या स्वतंत्र बाण्याचे कौतुक करण्यापूर्वी त्याला एकच प्रश्न विचारावा: सभागृहात बहुमताची मोजणी होईल त्या दिवशी आपण कोणाच्या बाजूला उभे राहणार, आणि ती बाजू बदलावी लागली तर मतदारसंघात येऊन आधी सांगणार की नंतर? उत्तर पत्रकावर छापून घेता आले तर उत्तम, नाही तर गावातील चार जणांदेखत दिलेले उत्तर तारखेसह टिपून ठेवावे. त्याच वेळी अपक्षाच्या वाट्याला येणारी गैरसोयही विसरू नये. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला अर्जावर एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात. मतपत्रिकेवर मान्यताप्राप्त पक्ष वर, नोंदणीकृत पक्ष मध्ये आणि अपक्ष तळाशी, अशी मांडणी असते. चिन्ह त्याच्या हाती मतदानाच्या जेमतेम दोन आठवडे आधी पडते. चांगला अपक्ष हरतो तो पुष्कळदा ह्याच कारणांनी, आणि त्याला मदत करावयाची असेल तर भाषणाला टाळ्या देण्यापेक्षा दहा सूचकांपैकी एक होणे अधिक उपयोगाचे.

आता मुख्य कामाकडे वळू. बिनपक्षी मतदाराने आपल्या दप्तरासाठी एकच प्रश्न निवडावा, फार तर दोन. दहा मागण्यांची यादी हाती दिली की उमेदवार दहाही मान्य करतो आणि एकही लक्षात ठेवत नाही. प्रश्न आपल्या गावाचा, मोजता येण्यासारखा आणि कागदावर सापडणारा असावा. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्याचे उदाहरण घ्या. अमरावती, अकोला व बुलढाणा ह्या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या ह्या पट्ट्यात भूगर्भातील पाणी खारे आहे, विहीर खणून वावर भिजविता येत नाही, पिण्यासाठी लांबून आणलेल्या नळयोजनांवर अवलंबावे लागते आणि मूत्रपिंडाच्या विकाराची भीती घरोघर बोलली जाते. प्रत्येक निवडणुकीत ह्या पाण्याविषयी बोलणे होते, आणि ते कसे होते हे दर्यापूर-अकोटकडील कोणत्याही कोपरा सभेत पाहावे. पारापाशी गाडी थांबते, ध्वनिक्षेपकावरील गाणे क्षणभर बंद होते, एखादा म्हातारा पुढे सरून म्हणतो, “भाऊ, आमच्या हापशीचं पाणी ढोरंबी पेत नाई, त्याचं काय करसान?” उमेदवार हात जोडून उत्तरतो, “सारं होऊन जाईन काकाजी, तुम्ही फक्त आशीर्वाद असू द्या.” टाळ्या पडतात, गाणे पुन्हा सुरू होते, आणि गाडी पुढच्या गावाला लागते.

ह्या संवादात दोष उमेदवाराच्या उत्तराइतकाच प्रश्नाच्या घडणीत आहे. ‘काय करसान’ ह्या प्रश्नाला ‘सारं करू’ हेच उत्तर येणार. त्याऐवजी तोच म्हातारा, “भाऊ, आमच्या नळयोजनेचा कार्यारंभ आदेश निघाला का? निघाला असंन तं तारीख सांगा,” असे म्हणेल तर उमेदवाराला थांबावे लागेल, बाजूच्या कार्यकर्त्याकडे पाहावे लागेल, आणि निदान पुढच्या गावी जाण्यापूर्वी कोणाला तरी फोन करावा लागेल. सरकारी काम कोणत्या टप्प्यांतून जाते हे ठाऊक असलेला मतदार फसविण्यास कठीण असतो. आधी घोषणा, मग प्रशासकीय मान्यता, मग अर्थसंकल्पातील तरतूद, मग निविदा, मग कार्यारंभ आदेश, आणि शेवटी प्रत्यक्ष काम व त्याची देयके. पैकी पहिल्या दोन टप्प्यांवर फलक लागतात, पेढे वाटले जातात, आणि तरतुदीच्या वर्षी आकडा किती हे पाहण्यास कोणी जात नाही. वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्पाचे नाव विदर्भातील सहा जिल्हे दीर्घकाळ ऐकत आहेत. त्याविषयी बोलणाऱ्या प्रत्येकास, पक्ष कोणताही असो, आपण ह्यातल्या कोणत्या टप्प्याविषयी बोलत आहात असे विचारणे हा मतदाराचा हक्क आहे. अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळाची आश्वासने ऐकत एक पिढी प्रौढ झाली. मुंबईची नियमित विमानसेवा सुरू झाली ती १६ एप्रिल २०२५ला. अकोला-खंडवा रेल्वेचे रुंदीकरण अकोटपर्यंत आले आणि मेळघाटच्या व्याघ्र प्रकल्पातून मार्ग न्यावा की वळसा घालावा, ह्या वादात पुढे अडले. येथे वन्यजीवांचा व प्रवाशांचा असे दोन्ही पक्ष खरे आहेत, आणि जो उमेदवार दोहोंपैकी एकाचे नावच काढत नाही तो अर्धे उत्तर देत आहे असे समजावे.

प्रश्न योग्य उंबरठ्यावर नेणे हेही तितकेच आवश्यक. नगरपालिकेच्या उमेदवाराला कापसाच्या भावाबद्दल आणि खासदारकीच्या उमेदवाराला नालीबद्दल विचारणारे लोक मी पुष्कळ पाहिले आहेत. दोन्ही उमेदवार आनंदाने आश्वासन देतात, कारण जे आपल्या हातीच नाही त्याचा हिशेब पुढे कोणी मागत नाही. हमीभाव आणि आयात शुल्क हे विषय दिल्लीचे. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल ठरला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंद्राने कापसावरील ११ टक्के आयात शुल्क माफ करून ती सवलत पुढे डिसेंबरअखेरपर्यंत वाढविली. सूतगिरण्यांना ती हवी होती, वऱ्हाडच्या कास्तकाराला नको होती. लोकसभेच्या उमेदवाराला विचारावयाचे ते हे: असा प्रस्ताव पुन्हा आला तर आपण सभागृहात कोणत्या बाजूने बोलाल? सिंचनाचा अनुशेष मात्र मुंबई-नागपूरचा विषय. तो मोजण्याचे पहिले मोठे काम दांडेकर समितीने १९८४ साली केले; विदर्भासाठी १९९४ मध्ये स्थापन झालेल्या वैधानिक विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. हे मंडळ हवे की नको, आणि नको असेल तर अनुशेषाची मोजदाद कोण करणार, हे आमदारकीच्या उमेदवाराने सांगावे.

उमेदवाराचे शपथपत्र हा दप्तरातील दुसरा कागद, आणि तो वाचणारे लोक इतके थोडे आहेत की मला त्याचे नेहमी आश्चर्य वाटत आले आहे. बैलजोडी घेताना दात पाहणारा, चालवून पाहणारा, जुन्या धन्याच्या गावी चौकशीला माणूस पाठविणारा आपला कास्तकार पाच वर्षांचा कारभार सोपविताना भिंतीवरच्या छायाचित्रावर समाधान मानतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ व २००३च्या निकालांनंतर प्रत्येक उमेदवाराला नमुना २६ मध्ये स्वत:ची, जोडीदाराची व अवलंबितांची मालमत्ता, कर्जे, प्रलंबित गुन्हे, शिक्षण आणि मागील पाच वर्षांचे विवरणपत्रातील उत्पन्न जाहीर करावे लागते. सरकारी निवासस्थान, वीज, पाणी यांची थकबाकीही सांगावी लागते. हे कागद निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतील फलकावर लागतात आणि आयोगाच्या संकेतस्थळावर व ॲपवर मोबाईलवरही दिसतात. वाचताना मालमत्तेचा एकूण आकडा पाहून डोळे विस्फारणे हे निरुपयोगी आहे. जमिनीचे भाव वाढले की सर्वांचेच आकडे फुगतात. त्याच उमेदवाराचे मागच्या निवडणुकीचे शपथपत्र शेजारी ठेवावे, आणि नवीन मालमत्ता घोषित उत्पन्नातून येण्यासारखी आहे काय एवढेच पाहावे. गुन्ह्यांच्या रकान्यातही घाईने न्याय करू नये. रास्ता रोको केल्याबद्दल जमावबंदीचा गुन्हा आणि फसवणुकीचा किंवा मारहाणीचा गुन्हा एका तराजूत घालता येत नाहीत. कलम कोणते, आणि न्यायालयाने आरोप निश्चित केले आहेत काय, हे दोन तपशील तेथेच लिहिलेले असतात. गुन्हे प्रलंबित असलेल्या उमेदवाराला प्रचारकाळात तीनदा वृत्तपत्रांतून ते जाहीर करावे लागतात, आणि पक्षाने दुसरा मनुष्य का निवडला नाही ह्याचे कारण द्यावे लागते. ती कारणे एकदा वाचावीत, करमणूक तरी होईल.

जो आधीपासून पदावर आहे त्याचे काम तपासणे त्याहून सोपे. लोकसभेत कोणत्या सदस्याने कोणते प्रश्न विचारले हे तारीखवार उपलब्ध आहे, विधिमंडळाच्या संकेतस्थळावर तारांकित प्रश्नांच्या याद्या असतात. येथे एक सावधगिरी हवी: मंत्री असलेला सदस्य प्रश्न विचारीत नाही, तेव्हा त्याच्या नावापुढील शून्य हा आळस नव्हे. आणि प्रश्नांची संख्या मोजू नये. कापूस, खारपाण, रेल्वे ह्या आपल्या विषयांवर किती वेळा तोंड उघडले ते पाहावे.

अकोल्याचा मतदार येथवर वाचून म्हणेल, की हे सर्व ठीक, पण आमच्याकडे शेवटच्या दोन दिवसांत एकच वाक्य कानी येते: मत वाया घालवू नका. २०२४ साली तेथे विजेते अनुप धोत्रे आणि दुसऱ्या क्रमांकावरील काँग्रेसचे अभय पाटील यांच्यात सुमारे ४० हजार मतांचे अंतर होते, आणि तिसऱ्या क्रमांकावरील प्रकाश आंबेडकर यांना पावणेतीन लाखांहून अधिक मते होती. ह्या आकड्यांवरून प्रत्येक बाजू दुसरीवर मते फोडल्याचा आरोप करते. माझे मत असे की तिसऱ्याला दिलेले मत वाया जाते ही कल्पना ज्यांना तिसरा नको आहे त्यांनी पसरविलेली आहे. पण ज्याला निकालाचीच चिंता अधिक आहे, त्याने दोघांपैकी कमी अनिष्ट वाटणाऱ्यास मत दिले तर त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. मात्र हा निर्णय स्वत:च्या हिशेबाने घ्यावा, शेजाऱ्याच्या भयाने नव्हे. मागील निवडणुकीत आपल्या केंद्रावर कोणाला किती मते पडली हे नमुना २० मध्ये केंद्रनिहाय प्रसिद्ध होते. ‘आपल्या भागात सारे अमक्यालाच देणार’ हे वाक्य कानी आले की तो कागद काढून पाहावा. बहुधा ‘सारे’ म्हणजे निम्मेही नसतात.

‘वरीलपैकी कोणी नाही’ ह्या पर्यायाबद्दल थोडक्यात. सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१३ रोजी तो दिला. लोकसभा-विधानसभेत त्याला सर्वाधिक मते मिळाली तरी दुसऱ्या क्रमांकाचा उमेदवारच निवडून येतो. महाराष्ट्रातील स्थानिक संस्थांत मात्र राज्य निवडणूक आयोगाच्या नोव्हेंबर २०१८च्या आदेशाने अशा प्रसंगी फेरनिवडणूक घ्यावी लागते, आणि तीतही तसेच घडले तर मग सर्वाधिक मतांचा उमेदवार विजयी ठरतो. महापालिकेच्या बहुसदस्यीय प्रभागात प्रत्येक जागेसाठी स्वतंत्र मत असते. एका चिन्हावर ओळीने बोट दाबत जाण्याची सक्ती नाही, दोन जागा एका पक्षाला, एक अपक्षाला आणि चौथीवर ‘कोणी नाही’ असेही करता येते. अमरावती व अकोला ह्या दोन्ही महापालिका मार्च २०२२ पासून जानेवारी २०२६च्या निवडणुकीपर्यंत प्रशासकाच्या हाती होत्या. त्या काळात तक्रार घेऊन जाण्यास नगरसेवकच नव्हता. आणि स्थानिक सत्तेसाठी पक्षांच्या सीमा किती सैल होतात हे अकोटच्या नगरपरिषदेत भाजप व एमआयएम एका मंचाखाली आले तेव्हा वरिष्ठ नेत्यांनाही खुलासे करावे लागले, ह्यावरून ध्यानी यावे. नगरसेवकांचे गट विभागीय आयुक्तांकडे किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे नोंदवावे लागतात. आपल्या नगरसेवकाचे नाव कोणत्या गटात आहे हे विचारून घेण्यास हरकत नाही.

निकाल लागला की पक्षाचे कार्यकर्ते गुलाल धुतात. बिनपक्षी मतदाराचे काम तेव्हा खरे सुरू व्हावे. निवडलेल्या प्रश्नावर माहितीच्या अधिकारात अर्ज करावा: दहा रुपयांचा न्यायालयीन मुद्रांक, एका अर्जात एकच विषय, आणि राज्याच्या नियमाप्रमाणे मजकूर दीडशे शब्दांच्या आत; दोन विषय एकत्र घातलेला अर्ज परत येण्यास चांगले निमित्त मिळते. ‘काम का झाले नाही’ असे विचारू नये, कारण ‘का’ला उत्तर देणे माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक नाही, ‘मान्यतेच्या आदेशाची व आजवर दिलेल्या देयकांची नक्कल द्यावी’ असे मागावे. तीस दिवसांत उत्तर न आल्यास प्रथम अपील. शिवाय प्रत्येक उमेदवाराने निकालानंतर तीस दिवसांच्या आत खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे सादर करावयाचा असतो. लोकसभेची मर्यादा महाराष्ट्रात ९५ लाख आणि विधानसभेची ४० लाख रुपये. आपल्या गावात किती गाड्या फिरल्या, किती पंगती उठल्या हे आपण डोळ्यांनी पाहिलेले असते. तो हिशेब पाहण्याचा अधिकार कोणाही व्यक्तीस आहे, आणि निवडणूक नियमांत त्यासाठीचे शुल्क एक रुपया लिहिले आहे.